किमान वेतन वाढलं की अकरावा हेल्पर येतो की जातो?

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या पॅकिंग युनिटचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. दहा हेल्पर, प्रत्येकाला महिना १३,५०० रुपये. ऑर्डर वाढली, अकरावा माणूस हवा. पण १४,०००च्या खाली कोणी यायला तयार नाही. नव्याला १४,००० दिले की जुने दहाही तेवढेच मागणार, म्हणजे त्यांना पाचपाचशे वाढवून द्यावे लागणार. अकराव्याचा खरा खर्च झाला १९,०००. त्याच्या येण्याने कमाई १६,०००नेच वाढत असेल, तर मालक त्याला घेत नाही. ऑर्डर आठवडाभर उशिरा जाते, एवढंच.

आता सरकारने किमान वेतन १४,००० केलं. जुन्या दहा जणांचे मिळून ५,००० आता द्यावेच लागतात, अकरावा येवो न येवो. मग त्याला घेण्याचा वाढीव खर्च उरतो १४,०००, आणि कमाई १६,०००. मालक त्याला घेतो. पगारही वाढला, नोकरीही. हाच दर १७,००० केला असता, तर अकरावा आला नसताच, आतलाही एखादा गेला असता. म्हणून ‘किमान वेतन वाढवलं की रोजगार घटतो’ हे सरसकट विधान मला पटत नाही. दर कुठे ठेवला, यावर सगळं अवलंबून आहे.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेलं हे गणित लागू पडतं, ते मालकाच्या हातात दर ठरवायची ताकद असेल तिथेच. गोठिवलीहून चालत कामावर येणारी बाई तळोज्यात हजार रुपये जास्त मिळतात म्हणून तिकडे जाऊ शकत नाही. रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा यातच ते हजार संपतात आणि मुलाला शाळेतून आणायची वेळ हुकते. ती ताकद येते इथून.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तासाचा किमान दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तसाच राहिला. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची ४१० फास्ट फूड दुकानं तपासली, तेव्हा न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसलं नाही. त्यावर न्यूमार्क आणि वॉशर या अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतले, वाद अजून चालू आहे. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात खरी अडचण होते ती ठेक्यात, म्हणजे कामगार ठेकेदारामार्फत घेतले जातात तिथे. महाराष्ट्रात किमान वेतनाचाच भाग असलेला विशेष भत्ता महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलतो, १ जानेवारी आणि १ जुलैला. ठेका मात्र वर्षा-दोन वर्षांच्या ठरलेल्या रकमेचा. दरवाढीची अट करारात नसेल तर फरक ठेकेदाराच्या खिशातून जातो, आणि मग कात्री हजेरीला लागते. काम २६ दिवस, पगाराच्या स्लिपवर २२. १४,००० भागिले २६ म्हणजे रोज सुमारे ५३८ रुपये. स्लिपवरचा दर अगदी बरोबर दिसतो, पण २२ दिवसांचे हातात येतात ११,८४६ रुपये, म्हणजे जुन्या १३,५०० पेक्षाही कमी.

म्हणून स्लिपवर दराच्या आधी भरलेले दिवस पाहावेत, ते स्वतःच्या हजेरीशी जुळवावेत, आणि पीएफच्या पासबुकात वेतनाचा आकडा किती दाखवलाय तेही पाहावं. ठेकेदाराने कमी दिलं तर उरलेली रक्कम देण्याची कायदेशीर जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ठेका देणाऱ्या कंपनीवर येते. निविदा काढतानाच ‘भत्ता वाढला की ठेक्याची रक्कम तेवढी वाढेल’ ही एक ओळ घातली, तर स्लिपवरचे चार दिवस कापायचं कारणच उरत नाही.