साडो, शालू आणि पांढरा गाऊन: गोव्यातल्या लग्नवस्त्रांमागची गोष्ट

फोंड्याच्या आमच्या घरी आईचा शालू बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेला असे. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की ती तो खाली काढायची, पडवीत सावलीला दोरीवर टाकायची आणि संध्याकाळी नव्या घडीवर दुमडून परत ठेवायची. घडी दरवर्षी बदलायची, कारण एकाच जागी मोडत राहिलेली जर तिथेच तुटते. तो शालू मी नेसले आहे, माझी धाकटी बहीणही नेसली आहे.

म्हणूनच सासष्टीत राहणारी माझी एक मैत्रीण गेल्या महिन्यात तिचे प्रश्न घेऊन आली, तेव्हा मला मागचा सगळा पट डोळ्यांपुढे दिसू लागला. ती कॅथलिक आहे आणि तिचं लग्न जानेवारीत आहे. गाऊन विकत घ्यावा की भाड्यानं आणावा? एका दिवसासाठी एवढे पैसे घालावेत का? आणि नंतर त्याचं करायचं काय? साडोबद्दल मात्र तिला एकही प्रश्न नव्हता. तो नवऱ्याच्या घरी शिवायचा, एवढं तिच्या मनात पक्कं होतं.

हा साडो काय आहे, ते गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. कॅथलिक लग्नात नवरीला सासरकडून लाल वस्त्र मिळतं, तो साडो. पूर्वी ती साडी असे, पुढे लाल कापडाचा शिवलेला पोशाख आला. लग्नाआधी नवऱ्याच्या घरी शिंपी येतो, वाड्यावरची माणसं जमतात, पहिली कात्री चालते तेव्हा फटाके वाजतात आणि शिंप्याला ओवाळणी मिळते. चुडा मामाच्या घरचा. नारळाच्या रसानं न्हाऊ घालायचा विधी म्हणजे रोस. आमच्या हळदीशी त्याचं नातं उघड आहे.

हे सारं टिकलं कसं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली, १५४३ मध्ये बार्देश आणि सासष्टी. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. बाटलेल्या कुटुंबांनी जुन्या चालीरीती पूर्णपणे सोडाव्यात, हा त्याचा आग्रह होता, आणि १७३६ च्या जाहीरनाम्यात तर लग्नाचे बारीकसारीक विधीही नावानिशी बंद केले. लग्नात पानं-फुलं वाटायची नाहीत, हळद आणि नारळाचा रस लावायचा नाही, ओव्या म्हणायच्या नाहीत. पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी या काळाचा कसून अभ्यास केला. ती बंदीची यादी वाचताना अंगावर काटा येतो. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. रोस, चुडा आणि साडो आजही लग्नपत्रिकेच्या आगेमागे हजर आहेत.

पांढरा गाऊन त्या मानानं अगदी नवा. पोर्तुगालचंच पाहा: तिथल्या उत्तरेकडच्या मिन्हो प्रांतात नवरीचा पारंपरिक पोशाख काळा असे. पांढऱ्याची चाल पसरली ती इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियामुळे. १० फेब्रुवारी १८४० रोजी तिनं अल्बर्टशी लग्न करताना पांढरं सॅटिन नेसलं आणि त्यावर डेव्हनच्या कारागिरांनी विणलेली होनिटन लेस लावली. चित्रांतून आणि पुढे छायाचित्रांतून ते रूप जगभर गेलं. पण गंमत अशी की स्वतः राणीनं ती लेस पेटीत बंद करून ठेवली नाही. घरातल्या मोठ्या प्रसंगांना ती पुन्हा पुन्हा वापरली आणि १८८५ मध्ये धाकट्या मुलीच्या, बिअ‍ॅट्रिसच्या लग्नात ती मुलीच्या अंगावर होती. एकदाच घालायचा गाऊन ही कल्पना राणीचीसुद्धा नव्हती.

आमच्या हिंदू घरांत प्रत्येक वस्त्राला देणारा ठरलेला. पिवळी अष्टपुत्री मामाची, शालू सासरचा. त्यामुळे ‘विकत घ्यायचं की भाड्यानं’ हा प्रश्नच उभा राहत नसे. दिलेलं वस्त्र तिचं झालं, आणि ती ते पुढे कुणाला देईल हेही तिच्याच हाती राहिलं.

कायदासुद्धा याला धरून आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि कुटुंबविषयक बाबतींत आपण आजही तिच्याच छायेत आहोत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. पण त्यातून जे वगळलं आहे, त्यात दोघांचे अंगावरचे कपडे आणि नवऱ्यानं लग्नानिमित्त दिलेले दागिने येतात. घराची अर्धी-अर्धी वाटणी होईल, शालूची नाही. याच कायद्याच्या परंपरेतून लग्ननोंदणीसाठी रजिस्ट्रारकडच्या दोन सह्या आल्या. पहिल्या सहीनंतर हरकतींसाठी मुदत जाते, मग दुसरी सही. मैत्रिणीला मी सांगितलं, तिथे साधी साडी किंवा ड्रेस पुरे, गाऊनचा खर्च त्यात धरू नकोस.

आता गाऊनचं. मडगाव, म्हापसा, पणजीत भाड्यानं गाऊन मिळतात, आणि ज्या मुलीला तो पुढे वापरायचा नाही तिनं तो भाड्यानं आणावा असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदाराला तीन गोष्टी आधी विचाराव्यात: मापात बदल कोण करून देणार, डाग पडला तर किती पैसे कापणार, आणि लग्नाच्या किती दिवस आधी गाऊन हातात मिळणार. विकतच घ्यायचा असेल तर पुढचा वापर डोक्यात ठेवून कापड निवडावं. साध्या सॅटिनच्या घेरातून मुलीच्या बारशाचा झगा निघतो, पहिल्या कोमुन्यांवाचा, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादग्रहणाचा, फ्रॉक निघतो. मणी आणि टिकल्यांनी मढवलेल्या जाळीतून काहीच निघत नाही.

शालूचं आयुष्य याहून लांब. वीण विरली की काठ-पदर उसवून नव्या कापडाला लावायचे, मधल्या भागाचं परकर-पोलकं करायचं, आणि अगदीच जीर्ण झालं तर जरवाल्याला द्यायचं. तो वस्त्र जाळून जरीतली चांदी काढायचा. आजच्या बहुतेक जरी तांब्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात, त्यामुळे ती शेवटची वाट बंद झाली. सुती लुगड्यांची वाकळ व्हायची, ती मात्र अजून होते.

गोव्यात वस्त्र जपायचं तर खरा शत्रू हवा आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, चार महिने भिंतींना ओल. ओळखीतल्या एका बाईंनी गाऊन दुकानाच्याच प्लॅस्टिक पिशवीत टांगून ठेवला होता. दोन पावसाळ्यांनी पिशवी उघडली तेव्हा छातीवर आणि घेराच्या कडेला तपकिरी ठिपके. लग्नाच्या दिवशी ते दिसलेच नव्हते. सांडलेली वाइन किंवा सोडा वाळल्यावर दिसत नाही, पण त्यातली साखर कापडात राहते आणि काळानुसार रंग धरते. म्हणून लग्न झाल्या झाल्या गाऊन धुवायला द्यावा आणि कुठे काय सांडलं ते लाँड्रीवाल्याला बोट ठेवून दाखवावं. मग मऊ, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावा. जरीवर अत्तर मारू नये, डांबराच्या गोळ्या तिला थेट लागू देऊ नयेत, ती काळी पडते. आई फडक्याच्या पुरचुंडीत लवंगा बांधून ठेवायची.

मैत्रिणीनं अखेर गाऊन भाड्यानं ठरवला. साडोसाठी लाल रेशीम सासूबाईंनी स्वतः निवडलं. शिंपी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येणार आहे. अंगानं भरली तरी दहा वर्षांनी घालता यावा म्हणून तिनं त्याला शिवणीत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडायला सांगितली आहे.