पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर: आकडा सारखा, चाल वेगळी

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आणि कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यातली अ‍ॅम्बेसेडर. पहिलीचं मूळ फियाट 1100, दुसरीचं मॉरिस ऑक्सफर्ड. पद्मिनीचं 1089 सीसी इंजिन सुमारे 40 हॉर्सपॉवर देतं आणि गाडीचं वजन 900 किलोच्या आसपास. जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन 1489 सीसी, ताकद साधारण 50, वजन 1100 किलोच्या घरात. भागाकार करा: दोन्हीकडे एका हॉर्सपॉवरवर 22 किलोंच्या जवळपासच भार येतो.

तरी चालवताना त्या सारख्या वाटत नाहीत. उत्तर सिलिंडरमध्ये आहे. पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची चाल) 75. अ‍ॅम्बेसेडरचे हेच आकडे 73 आणि 88.9. पिस्टनला जोडलेल्या क्रँक या दांड्याच्या एका फेरीत पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. म्हणून 4000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 4000 फेऱ्यांना, पद्मिनीच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 10 मीटर, तर अ‍ॅम्बेसेडरचा जवळजवळ 12. तोच 12 चा आकडा गाठायला पद्मिनीला 4800 आरपीएम लागतात. म्हणूनच पद्मिनीचं इंजिन जास्त फिरवावं लागतं, अ‍ॅम्बेसेडर कमी फेऱ्यांवर रेटावी लागते.

लांब स्ट्रोकमुळेच टॉर्क, म्हणजे इंजिनचा पीळ देण्याचा जोर, वाढतो, हा समज मात्र अर्धवट आहे. टॉर्क मुख्यतः सीसीवर, म्हणजे सिलिंडरांच्या एकूण आकारमानावर ठरतो. अ‍ॅम्बेसेडरला किलोमागे 1.35 सीसी मिळतात, पद्मिनीला 1.2. पाच माणसं घेऊन घाट चढताना हा फरक पायाला कळतो; पद्मिनीत गिअर लवकर उतरवावा लागतो.

उतारावर पारडं फिरतं. ताशी 80 किमी वेगात जास्त वजनामुळे अ‍ॅम्बेसेडरमध्ये पद्मिनीपेक्षा सुमारे 50,000 ज्यूल ऊर्जा जास्त असते आणि थांबताना ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड सुटते, पेडल खोल जातं. म्हणून चढताना लावला त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक थोडा थोडा दाबून सोडायचा.

पद्मिनीचा अवगुण वेगळा. तिचा टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप तापलेल्या इंजिनलाच बसवलेला असतो. मेच्या उन्हात, गर्दीत इंजिन संथ फिरत असलं की त्याच्याच पट्ट्यावर चालणारा, त्याला थंड ठेवणारा पंखाही संथ फिरतो. मग पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ढकलत राहतो आणि गाडी बंद पडते. अशा वेळी स्टार्टर मारत बसल्यास फक्त बॅटरी उतरते. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि वाफेचं परत पेट्रोल होईपर्यंत थांबायचं.