65 मिलिमीटर: ‘अतिवृष्टी’ या शब्दामागचा इतिहास

पाऊस मोजणं मराठवाड्यातली पोरं शाळेच्या आधी घरातच शिकतात. आजोबा काळ्या रानात बोट खुपसून ‘वीतभर ओल गेली’ म्हणतात, तेही मोजमापच. देशात हवामानाचं खातं 1875 मध्ये सुरू झालं, तेव्हा हा मुलूख निजामाकडे होता. पुढे 1972 च्या दुष्काळानं एकच प्रश्न मनात कोरला, पाऊस आला की नाही? जास्त पावसाची व्याख्या इथं फारशी कुणाला लागतच नव्हती.

ती लागली नुकसानभरपाईसाठी. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मुलांना हा आकडा टँकरच्या भाषेत पटकन कळतो. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. म्हणजे 65 मिलिमीटरला एकरभर रानात दहा हजार लिटरचे 26 टँकर.

खरा गुंता ‘24 तासां’त आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. समजा, पहाटे पाचला सुरू झालेला पाऊस दुपारी बाराला थांबला. साडेआठच्या आधी 42, नंतर 38 मिलिमीटर. एकूण 80, पण वहीत दोन वेगळे दिवस, आणि पुढे सर आली नाही तर दोन्ही 65 च्या आत. सोयाबीन मात्र एकाच सकाळी पाण्याखाली गेलेलं. शिवाय आख्ख्या मंडळाचा पाऊस एका मापकावर ठरतो, शेजारच्या गावात कितीही कोसळो. हे मला अजिबात पटत नाही. गेल्या दशकात मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं आली, ती रात्रंदिवस नोंद घेतात; दिवसाची बेरीज मात्र साडेआठलाच होते.

म्हणून शाळेतला पर्जन्यमापक मला मोलाचा वाटतो. बाटली तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीची हवी, नाहीतर पट्टी खोटं सांगते. आणि ती लिंबाखाली नको, उघड्यावर हवी. पोरांनी पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळही लिहावी.

2023 मध्ये राज्यानं ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली. त्याच्या अटींपैकी एक, सलग 5 दिवस रोज किमान 10 मिलिमीटर. सप्टेंबर 2025 मध्ये मांजरा, सिंदफणेच्या काठची माती वाहून गेली, तिथं आकड्याचा वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाद होतो तो चौथ्या दिवशी मापकात 9 भरलेले असतात तेव्हा.