स्पॅनिश ओपनिंगची पार्श्वभूमी

बुद्धिबळात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळायला शिकताना बहुतेकांना स्पॅनिश ओपनिंग (डावाची एक ठरलेली सुरुवात), म्हणजेच रुय लोपेझ, लवकर भेटते. दोघांची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरे पुढे येतात. पांढऱ्याचा घोडा काळ्याच्या प्याद्यावर रोख धरतो, काळा घोडा त्या प्याद्याला जोर देतो, आणि तिसऱ्या खेळीला पांढरा उंट बी-५ वर (बी या उभ्या रांगेतल्या पाचव्या घरात) येऊन त्या घोड्यावरच नजर ठेवतो.

उंटाला ही लांब धाव मिळाली ती पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी युरोपात तो तिरका, फक्त दोन घरांची उडी घेत असे. म्हणजे नियम बदलले नसते तर हे ओपनिंग जन्मालाच आले नसते. रुय लोपेझ हा स्पेनमधल्या झाफ्रा गावचा धर्मगुरू. १५६१ साली त्याने बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला आणि त्यात या उंटाच्या खेळीचा विचार केला. खेळी मात्र त्याच्याही आधीची. बुद्धिबळावरच्या जुन्या गॉटिंगेन हस्तलिखितात ती सापडते.

पुढची जवळजवळ तीन शतके तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. तेव्हा आवड होती प्यादी बळी देऊन राजावर तुटून पडण्याची, आणि या खेळीत तसा झटपट हल्ला नाही. शिकणारा इथेच फसतो. उंटाने घोडा मारला, काळ्याने वजिरासमोरच्या प्याद्याने उंट घेतला, आता काळ्याचे मधले प्यादे फुकटच, असे त्याला वाटते. पण पांढऱ्या घोड्याने ते उचलताच काळा वजीर डी-४ वर येतो, घोडा आणि ई-४ चे प्यादे दोन्हींवर एकदम मारा करतो आणि प्यादे वसूल करतो. म्हणूनच काळा तिसऱ्या खेळीला ए-६ वर प्यादे खेळून उंटाला बेधडक हटकू शकतो. या उत्तराला अमेरिकन खेळाडू मॉर्फीचे नाव आहे. मला तर वाटते, हे ओपनिंग शिकण्याची खरी सुरुवात या एका प्याद्यापासून करावी. धमकी लगेच खरी नसते, पण पांढऱ्याने ई-४ चे प्यादे राखले की ती खरी होते. दबाव म्हणतात तो हाच.

एकोणिसाव्या शतकात रशियन बुद्धिबळ अभ्यासक येनिशच्या विश्लेषणाने या खेळीला पुन्हा मान मिळाला. उंटाने घोडा मारण्याचा साधा मार्ग तेव्हाचा जगज्जेता लास्करने १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला कापाब्लांकाविरुद्ध जिंकून दाखवला, तर १९६६ च्या हवाना ऑलिम्पियाडमध्ये अमेरिकेच्या फिशरने त्यात लगेच कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) करून नवा जीव ओतला.

मोठा धक्का बसला २००० साली लंडनमध्ये. जगज्जेता कास्पारोव्हविरुद्धच्या सामन्यात क्रामनिकने बर्लिन बचाव काढला, म्हणजे तिसऱ्या खेळीला काळ्याचा दुसरा घोडा बाहेर आणला. त्याच्या मुख्य मार्गात आठव्याच खेळीला दोन्ही वजीर पटावरून जातात. कास्पारोव्हला तो बचाव भेदता आला नाही आणि त्याचे जगज्जेतेपद गेले. तेव्हापासून अनेक पांढरे खेळाडू चौथ्या खेळीला कॅसलिंगऐवजी डी-३ वर प्यादे खेळून वजीर पटावर राखतात. हीच खेळी तेव्हाचा जगज्जेता स्टाइनिट्झने १८९२ च्या हवाना सामन्यात चिगोरिनविरुद्ध खेळून डाव जिंकला होता.