आई-वडिलांनंतर कोण? बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या पालकत्वाची, मिळकतीची आणि निवाऱ्याची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतील विशेष शाळांच्या आवारात पालक एकमेकांना भेटले, की बोलणे फिरून ‘आमच्यानंतर याचे काय’ या प्रश्नापाशी येते. मूल लहान असेपर्यंत शाळा, थेरपी, औषधे आणि प्रमाणपत्रे यांत वर्षे निघून जातात. ते अठरा वर्षांचे झाले, की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. मग त्याच्या नावावरची मुदत ठेव मोडायची असो किंवा घराच्या हिश्श्याचा कागद करायचा असो, आई-वडिलांची सही केवळ आई-वडील म्हणून चालत नाही. बहुतेक घरांना हे बँकेच्या खिडकीपाशी प्रथम कळते. या अडचणीमागे मोठा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय आज हाती असलेल्या तरतुदी कुठपर्यंत पोहोचतात व कुठे थांबतात हे उमगत नाही.

हा प्रश्न एवढ्या तीव्रतेने पूर्वी उभा राहत नसे, याचे एक कारण वैद्यकीय आहे. डाऊन सिंड्रोम (बौद्धिक दिव्यांगत्व आणणारा जन्मजात गुणसूत्रदोष) असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३च्या सुमारास अवघे २५ वर्षे होते. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांमुळे ते आता ६०च्या घरात गेले आहे. आपल्याकडेही चांगले उपचार मिळालेली मुले आई-वडिलांच्या मागे राहणार, हे आता गृहीत धरावे लागते. दुसरे कारण घराच्या रचनेतले आहे. गावाकडच्या एकत्र कुटुंबात असा मुलगा काका-काकू, भाऊ-भावजय यांच्यात सांभाळला जाई. कसा सांभाळला जाई हा प्रश्न वेगळा, पण त्याच्या निवाऱ्यासाठी कागद लागत नसे. नौपाड्यातील वा नेरूळमधील दोन खोल्यांच्या घरात आई-वडील आणि तो, अशी तीनच माणसे असतात, आणि भावंड असलेच तर अनेकदा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असते.

कायद्याची सुरुवात वारसाहक्कापासून करावी लागते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, उन्मत्त, मूक यांच्याबरोबर ‘जड’ म्हणजे बुद्धीने मंद असलेल्या व्यक्तीलाही वडिलोपार्जित मालमत्तेतील वाट्यापासून दूर ठेवले आहे. मात्र लगेच पुढच्या श्लोकात त्यांना अन्नवस्त्र देण्याची जबाबदारी वाटेकऱ्यांवर टाकली आहे. म्हणजे पोसायचे, पण हिस्सा द्यायचा नाही. ब्रिटिश काळातील न्यायालयांनीही हीच परंपरा चालू ठेवली. १९२८ मध्ये झालेल्या कायद्याने आंधळेपणा, बहिरेपणा, व्याधी यांमुळे वारसाहक्क नाकारण्याची प्रथा मिताक्षरा या हिंदू वारसाहक्काच्या एका प्रमुख पद्धतीपुरती मोडीत काढली; परंतु त्याच कायद्याने जन्मतः वेडसर किंवा जन्मतः मतिमंद असलेल्या व्यक्तीला स्पष्ट शब्दांत वगळले. इतर सर्वांसाठी उघडलेले दार याच एका गटासाठी बंद राहिले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक वाटते. ते दार उघडले १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. त्याच्या कलम २८ नुसार कोणताही रोग, दोष किंवा व्यंग हे वारसा नाकारण्याचे कारण ठरू शकत नाही. आज ठाण्यातील एखाद्या सदनिकेत बौद्धिक दिव्यांग मुलीचा तिच्या भावाइतकाच हिस्सा असतो, तो या कलमाच्या बळावर.

हक्क मिळाला, पण तो वापरायचा कसा, हा पेच तेथूनच सुरू झाला. १८७२च्या करार कायद्यानुसार करार करणारा, व्यवहार समजून घेण्याइतका आणि त्यात स्वतःचे हित कशात आहे हे ठरवण्याइतका सुबुद्ध असावा लागतो. मृत्युपत्र करण्यासाठीही तीच अट आहे. त्यामुळे तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती मालमत्तेची मालक होऊ शकते, पण ती विकू शकत नाही, भाड्याने देऊ शकत नाही आणि आपल्या पश्चात कोणाला द्यावी हेही लिहून ठेवू शकत नाही. तिच्यानंतर ती मालमत्ता वारसा कायद्यातील क्रमानेच जाते. ज्या संस्थेने वा मावशीने तिला वीस वर्षे सांभाळले, तिला या क्रमात जागा असेलच असे नाही.

अशा व्यक्तीसाठी पालक, म्हणजे तिच्या वतीने कायदेशीर निर्णय घेणारी व्यक्ती, नेमण्याची सोय पूर्वी होती, पण ती वेडाच्या कायद्यातून आलेली होती. १८९०चा पालक आणि पाल्य कायदा फक्त अज्ञानांसाठी, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांसाठी आहे. प्रौढांसाठी आधी १८५८चा आणि नंतर १९१२चा ‘लूनसी’ कायदा होता. १९१२च्या कायद्यातील व्याख्येत मनोरुग्ण आणि जन्मतः मतिमंद हे एकाच शब्दाखाली येत असत, आणि जिल्हा न्यायालय चौकशी करून व्यक्तीसाठी पालक व मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमू शकत असे. दोन अगदी निराळ्या अवस्थांची ही सरमिसळ केवळ कागदावर नव्हती. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले, आणि ज्यांना आजार नव्हता, उपचारांची नव्हे तर शिकवण्याची व सांभाळण्याची गरज होती, अशांसाठीही मनोरुग्णालयाखेरीज सरकारी जागा त्या काळी जवळपास नव्हती.

१९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही सरमिसळ थांबवली. मनोरुग्णाची व्याख्या करताना त्यातून मतिमंदत्व वगळले गेले आणि वैद्यकीय दृष्टीने ते सर्वस्वी योग्य होते. मात्र १ एप्रिल १९९३ रोजी हा कायदा अमलात आला, १९१२चा कायदा रद्द झाला, आणि त्याबरोबर बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी पालक नेमण्याची एकमेव वाटही बंद झाली. नव्या कायद्यातील पालकत्व फक्त मनोरुग्णांसाठी होते. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने शिक्षण, नोकरी आणि सवलती यांचा विचार केला. पालकत्वाला त्याने स्पर्श केला नाही. या पोकळीच्या काळात पालकांच्या संघटना देशभर एकत्र येऊ लागल्या होत्या, १९९५ मध्ये ‘परिवार’ हा त्यांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि आपल्यानंतरच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदा हवा ही मागणी जोर धरू लागली.

त्या मागणीतून १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांपुरता तो आहे. या कायद्याने स्थापन झालेल्या ‘राष्ट्रीय न्यास’ या संस्थेला केंद्र सरकारने १०० कोटी रुपयांचा मूळ निधी दिला. पालकांच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोठा बदल असा, की पालक नेमण्याचे काम न्यायालयातून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे आले. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज आल्यावर समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कोणत्या कामांसाठी. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मालमत्तेची यादी सादर करायची आणि दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो; दुर्लक्ष वा गैरव्यवहार झाल्यास पालकाला हटवण्याचीही तरतूद आहे. समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकांनी मानावे, असे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००७ मध्ये काढले. कायद्यानंतर आठ वर्षांनी अशा परिपत्रकाची गरज पडावी, यावरून त्या काळात पालकांना किती खिडक्यांवरून परतावे लागले असेल याचा अंदाज येतो.

आपल्या भागात या समितीच्या हद्दीचा एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवी मुंबई म्हणून आपण ज्या सलग शहराकडे पाहतो, ते दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर येथील कुटुंबांचा अर्ज ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. खारघर, कामोठे, पनवेल येथील कुटुंबांसाठी मात्र जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तेव्हा वसई आणि डहाणूकडच्या पालकांचेही ठिकाण बदलले. पंचविशीतील, अनोळखी जागी बिथरणाऱ्या मुलाला घेऊन खारघरहून अलिबागला जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको.

दरम्यान विचारांची दिशा पुन्हा बदलली. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. या कराराचे बारावे कलम सांगते, की दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानली पाहिजे. तिच्या जागी निर्णय घेण्याऐवजी तिला निर्णय घेण्यासाठी आधार दिला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणीच्या स्वतःच्या शरीराविषयीच्या निर्णयाला मान दिला. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ आणले: पुरेसा आधार देऊनही कायदेशीर बंधन येणारा निर्णय घेता येत नसेल, तरच, ठरावीक निर्णयापुरता आणि ठरावीक काळापुरता पालक नेमायचा, आणि त्याने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून चालायचे. राष्ट्रीय न्यासाचे कायमस्वरूपी भासणारे पालकत्व आणि हे मर्यादित पालकत्व यांचा मेळ कसा घालायचा, हे कायद्यात पुरेसे स्पष्ट नाही. माझ्या मते नव्या कायद्याचा विचार अधिक न्याय्य आहे, कारण सौम्य दिव्यांगत्व असलेली कितीतरी मुले-मुली कोणते कपडे घ्यायचे, कोणाबरोबर राहायचे, पगाराचे काय करायचे हे सांगू शकतात. पण ज्या मुलाला बोलता येत नाही आणि भूक लागली हेही आईलाच कळते, त्याच्या घराला ‘मर्यादित’ या शब्दाने धीर येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

पैशाच्या बाजूचा इतिहास त्रोटक आहे आणि विषमही. केंद्र आणि राज्य शासनाच्या निवृत्तिवेतन नियमांत, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी कर्मचाऱ्याने निवृत्तीपूर्वी किंवा निदान हयातीत त्या अपत्याची नोंद करून घेणे हिताचे असते. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आयुष्य घालवलेल्यांना हे कवच नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांना माहीत नसते, की १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही कायमस्वरूपी व पूर्णतः दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी असते, कारण सदस्याचे किमान निवृत्तिवेतनच सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तरीही हक्क तो हक्कच. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना उरते.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०डीडीने अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची, आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट दिली होती. ‘जीवन आधार’सारख्या विमा योजना याच कलमाला जोडून आल्या, पण त्यांतील पैसा पालकाच्या मृत्यूनंतरच मुलाच्या उपयोगी पडे. सत्तरीतल्या वडिलांना मुलाच्या उपचारासाठी आज पैसे हवे असले तरी हात लावता येत नसे. रवी अगरवाल यांनी सर्वोच्च न्यायालयात हे मांडले. न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सरकारला या तरतुदीचा फेरविचार करण्यास सुचवले, आणि २०२२च्या वित्त कायद्याने पालक साठ वर्षांचे झाल्यावर, त्यांच्या हयातीतही लाभ मिळण्याची मुभा दिली. एका पालकाच्या चिकाटीने झालेला हा बदल आहे.

घर हीच ज्यांची एकमेव ठेव, त्यांच्यासाठी १८८२च्या न्यास कायद्याखाली खासगी न्यास (ट्रस्ट) करून घर व ठेवी त्यात ठेवणे हा मार्ग खुला आहे. नवी मुंबईत त्यातही एक पायरी जास्त असते, कारण येथील जमीन बहुतांशी सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असून हस्तांतराला सिडकोचीही परवानगी लागते. गृहनिर्माण संस्थेत मुलाचे नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, असा समज फार खोलवर रुजला आहे. नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही, ती वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते.

सही करणारा मिळाला, पैसाही जमला, तरी तो राहणार कोठे, याचे उत्तर यांतील एकाही कायद्याने दिलेले नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न शेवटी येथेच अडतो. मुंबईत जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ मध्ये विशेष शाळा सुरू केली. निवासाची सोय मात्र दीर्घकाळ अगदी थोडी राहिली. ठाणे जिल्ह्यात ती पालकांनीच उभी केली. बदलापूरचे ‘आधार’ आणि डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेचे खोणी येथील ‘घरकुल’ ही प्रौढ मुलांच्या कायम निवासासाठी पालकांनी जागा, पैसा आणि माणसे जोडून घडवलेली ठिकाणे आहेत. वाशीचे महापालिकेचे ईटीसी (दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण) केंद्र आणि बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे खारघरमधील प्रादेशिक केंद्र यांचे काम मोठे आहे, पण तेथून मूल संध्याकाळी घरी येते आणि घरी कोणीतरी असावे लागते.

दुसरीकडे, २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीतील एका खासगी आश्रमात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. त्या घटनेने या भागातील पालकांच्या मनात बसलेली भीती अजून गेलेली नाही. ‘आपण असेपर्यंत घरीच’ असे म्हणणाऱ्या आईला हट्टी ठरवण्यापूर्वी हे आठवले पाहिजे.

राष्ट्रीय न्यासाच्या उद्दिष्टांत, आई-वडिलांच्या मृत्यूनंतर दिव्यांग व्यक्तीची काळजी व संरक्षण, हे स्पष्ट लिहिलेले आहे. न्यासाची ‘घरौंदा’ ही निवासी योजना आणि ‘निरामय’ हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा त्यातूनच आले. तरीही प्रत्यक्षात स्थानिक स्तर समितीपुढे येणाऱ्या अर्जांत पालक म्हणून आई-वडिलांचीच नावे असतात, म्हणजे साठ-सत्तरीतल्या माणसांची. त्यांच्यानंतर नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तो करणारे कोणीतरी उरलेले असावे लागते. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ नुसार आई-वडिलांना आपल्या पसंतीच्या दुसऱ्या व्यक्तीचे नावही पालक म्हणून सुचवता येते. भाऊ, बहीण, भाची किंवा संमती असल्यास नोंदणीकृत संस्था. ते नाव आई-वडील हिंडते-फिरते असतानाच ठरले, तर त्या व्यक्तीला मुलाची औषधे, सवयी, भीती आणि आवडी समजून घ्यायला काही वर्षे मिळतात.