आंब्याच्या पेट्या ट्रेलरच्या कोणत्या बाजूला ठेवाव्यात?

छोट्या व्हॅनमागे दोघांना झोपता येईल एवढा ट्रेलर जोडायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचे. श्रीवर्धनला एक मुक्काम, गुहागरला दुसरा, मग गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्ले. असा बेत करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माझी गाडी तेवढे ओढेल का?" माझ्या मते हा प्रश्न यादीत सर्वांत शेवटी यायला हवा. ट्रेलर ओढणे सोपे आहे. तो थांबवणे, सरळ ठेवणे आणि मागे घेणे यांत खरी परीक्षा आहे, आणि या तिन्ही बाबतींत ट्रेलरच्या वजनाइतकेच महत्त्व ते वजन कुठे ठेवले आहे याला असते.

ओढण्याचा हिशेब आधी उरकून टाकू. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर चाके फिरती ठेवायला वजनाच्या साधारण दीड टक्का जोर पुरतो. म्हणजे ५०० किलोच्या ट्रेलरला सात-आठ किलोंचा. पंधरास एक असा चढ लागला की त्यात आणखी ३३ किलोंची भर पडते. माणसे आणि सामानासह व्हॅन १४०० किलोंची धरली, तर ट्रेलरसकट १९०० किलो होतात. एवढे वजन या चढावर ताशी ४० किलोमीटरने न्यायला वीस-पंचवीस अश्वशक्ती लागते. १२०० सीसीचे इंजिन खालच्या गिअरमध्ये ती देऊ शकते. चढावर थांबून पुन्हा निघताना क्लचचे मात्र हाल होतात, म्हणून घाटात शक्यतो मध्येच थांबायची वेळ येऊ देऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाची मर्यादा दिलेली नसेल, तर इंजिनाच्या ताकदीवरून स्वतःच अंदाज बांधू नये. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, त्यामुळे आरटीओ आणि विमा या दोन्ही ठिकाणी आधीच विचारून घ्यावे.

आता सरळ चालण्याकडे येऊ, कारण ट्रेलरचे बहुतेक गंभीर अपघात तिथून सुरू होतात.

दोन चाकांचा ट्रेलर व्हॅनच्या मागे बसवलेल्या एका गोळ्यावर अडकवलेला असतो. ५० मिलिमीटर व्यासाचा हा गोळा म्हणजे त्याची बिजागरीच. खाडीपुलावर बाजूने वारा आला, सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर एसटी झपकन शेजारून गेली, की ट्रेलरची शेपटी थोडी हलते. मोठी गाडी ओलांडून जाते तेव्हा तिच्या नाकापुढची दाबलेली हवा ट्रेलरला आधी बाहेर ढकलते आणि लगेच तिच्या कुशीतला कमी दाब आत ओढतो. शेपटी हलली की ट्रेलरचे टायर रस्त्यावर किंचित तिरके होतात आणि रबराची पकड त्यांना पुन्हा मधोमध आणू पाहते. इथवर सगळे ठीक.

पण मधोमध येऊन तो थांबत नाही, वेगात असल्यामुळे पलीकडे जातो, आणि झोके सुरू होतात, सेकंदाला साधारण अर्धा ते एक. झोके जिरवण्याचे कामही टायरच करतात, मात्र त्यांची ही क्षमता वेगाशी उलट्या प्रमाणात असते. शेपटी ठरावीक गतीने बाजूला सरकत असेल, तर गाडी हळू असताना टायर रस्त्याशी मोठा कोन करतात आणि जोरदार विरोध होतो. गाडी जोरात असताना तीच हालचाल पुढे धावण्याच्या मानाने क्षुल्लक ठरते, कोन बारीक होतो आणि विरोधही मंदावतो. मधोमध खेचणारा जोर मात्र कायम राहतो. म्हणजे झोका देणारे बळ तेवढेच आणि जिरवणारे बळ वेगासोबत घटत जाणारे. त्यातच ट्रेलर प्रत्येक झोक्यात गोळ्यामार्फत व्हॅनचे ढुंगण इकडेतिकडे ढकलत असतो. प्रत्येक जोडीचा असा एक वेग असतो, की त्याच्या खाली झोके आपोआप विरतात आणि त्याच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढे धावण्यातूनच मिळते. म्हणून ७० ला शांत चालणारा ट्रेलर ९० ला अचानक पिसाटतो आणि चालवणाऱ्याला वाटते, काहीतरी तुटले. तुटलेले काहीच नसते.

हा धोक्याचा वेग किती असेल, हे ठरवणाऱ्या गोष्टींत सामानाची मांडणी फार वरची आहे. कोकणात बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसांना हे शिकवावे लागत नसे. भार मागे पडून गाडी उलाळ झाली की जू वर उचलले जाते, म्हणून ते भार चाकाच्या थोडा पुढे ठेवत. ट्रेलरचेही तसेच आहे. वजनाचा मध्य ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पुढे असेल, तर शेपटी हलल्यावर चाके वजनाच्या मागे राहून त्याला सरळ करतात. मध्य ॲक्सलच्या मागे गेला, की तेच वजन शेपटीला आणखी बाहेर नेते. गोळ्यावर ट्रेलर किती भार टाकतो यावरून ते ओळखता येते. युरोपात हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवायला सांगतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. तिकडे ट्रेलर अधिक वेगाने ओढले जातात, हे त्यामागचे एक कारण.

घरी मोजायचे तर न्हाणीतला वजनकाटा आणि लाकडाचा एक ठोकळा पुरतो. सपाट जागी चाकांना दगड लावून, ट्रेलर आडवा समतल राहील अशा उंचीचा ठोकळा काट्यावर ठेवायचा आणि जोडाचे तोंड त्यावर टेकवायचे. सगळे सामान भरल्यावर मोजायचे, रिकाम्या ट्रेलरचे माप उपयोगाचे नाही.

समजा, ५०० किलोचा ट्रेलर भरून तयार आहे, गोळ्यापासून ॲक्सल तीन मीटरवर आहे आणि काटा ५० किलो दाखवतो. उत्तम. आता ६० लिटर पाण्याची टाकी ॲक्सलच्या एक मीटर मागे बसवलेली आहे आणि ती निघताना भरली. तरफेच्या नियमाने गोळ्यावरचा भार ६० गुणिले एक भागिले तीन, म्हणजे २० किलोंनी हलका होतो. देवगडला पोचल्यावर हापूसच्या पेट्या घेतल्या, मिळून ४० किलो, आणि सोयीचे म्हणून मागच्या दाराशी, ॲक्सलच्या दीड मीटर मागे रचल्या. आणखी २० किलो गेले. ट्रेलर आता ६०० किलोंचा झाला आणि गोळ्यावर उरले जेमतेम १० किलो, दोन टक्क्यांहूनही कमी. जाताना रेषेत चाललेला ट्रेलर परतीच्या वाटेवर डोलू लागतो तो असा, आणि माणसे टायरमधल्या हवेला दोष देत बसतात. शिवाय टोकाला ठेवलेले वजन फिरायला लागले की आवरत नाही, कारण फिरण्यातले जडत्व मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते. अंतर दुप्पट केले की तीच पेटी चौपट त्रास देते.

म्हणून पेट्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. नारळ, गॅसची टाकी, बॅटरी यांनाही हाच न्याय. कपडे, गाद्या, ताडपत्री मागे चालतील.

पुढे भार टाकण्यालाही हद्द आहे. व्हॅनच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.३५ मीटर आणि गोळा मागच्या चाकांच्या ०.९ मीटर मागे असेल, तर गोळ्यावरचे ५० किलो मागच्या चाकांवर ६९ किलो होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरचे १९ किलो उचलले जातात. हा भार १०० केला, तर पुढून ३८ किलो जातील. वळवण्याचे काम पुढची चाके करतात, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. पहिल्या पावसात तांबडी माती वाहून आलेल्या वळणावर ही चाके हलकी झालेली कुणालाच नको असतात.

तरीही झोके सुरू झालेच तर? ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. डोलण्याला उत्तर म्हणून स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. माणसाच्या हाताला लागणारा वेळ आणि अर्ध्या झोक्याचा वेळ जवळपास सारखे असल्यामुळे आपली दुरुस्ती नेमकी उशिरा पोचते आणि पुढच्या झोक्याला बळ देते. वेग वाढवून ट्रेलर सरळ होईल असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

घाट उतरताना प्रश्न वेगळा असतो. आंबोलीहून सावंतवाडीकडे येताना किंवा कुंभार्लीतून चिपळूणकडे येताना गाडी आपली उंची गमावते, आणि त्या उंचीतली ऊर्जा कुठेतरी जावी लागते. १९०० किलो वजन ४०० मीटर खाली आणले, तर सुमारे ७४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. चाकांचे घर्षण आणि हवा मिळून तिसरा हिस्सा घेतील असे धरले, तरी उरलेल्या उष्णतेने पंधरा-सोळा लिटर पाणी उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर यातला मोठा भाग इंजिन पचवते. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सतत ब्रेक दाबत आलात, तर सगळी उष्णता व्हॅनच्या ब्रेकमध्ये जाते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर त्याचा चौथा हिस्साही व्हॅनच्याच माथी. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मी, यांपैकी जी कमी ती आहे. घाटाच्या प्रदेशात मी त्याहून बरेच खाली राहायला सांगेन, किंवा ढकलल्यावर आपोआप लागणारे ब्रेक असलेला ट्रेलर घ्यायला. व्हॅन मंदावली की ट्रेलर जोडावर रेटतो आणि तोच रेटा त्याचे ब्रेक आवळतो, अशी ही साधी, बिनविजेची रचना असते.

कोकणात इथे आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे दमटपणा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पावणेचार टक्के पाणी मुरले की ही किमान पातळी १४० वर येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट तळाला टेकते आणि ब्रेक लागत नाहीत. किनाऱ्यावर वापरायच्या गाडीत ट्रेलर जोडण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलून घेणे हा किरकोळ खर्च आहे आणि तो टाळू नये.

खारी हवा बाकीचे काम करतेच. मागच्या दिव्यांच्या जोडणीच्या पिना हिरव्या पडतात, बेअरिंगमधले ग्रीस धुपते. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीच्या जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, चढताना ओहोटीला उतार तीव्र असतो आणि उतार जिथे बदलतो तिथे जोडाचा खालचा भाग घासतो. तिथे खलाशाला जवळ उभे करून सावकाश चढावे.

शेवटी मागे घेणे. नवख्यांना वाटते, छोटा ट्रेलर मागे घ्यायला सोपा. गणित उलटे सांगते. पुढे जाताना जोडाचा कोन आपोआप मिटत जातो, मागे येताना तोच कोन आपोआप वाढतो, आणि गोळा ते ॲक्सल हे अंतर जितके कमी तितका झपाट्याने. तीन मीटरच्या ट्रेलरमध्ये पाच अंशांचा कोन असताना व्हॅन सरळ मागे घेतली, तर सहा मीटरांत तो सुमारे ३५ अंश होतो. पाच मीटरच्या ट्रेलरमध्ये तेवढ्याच अंतरात १६-१७ अंशच. वाडीतल्या दोन गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, पाणंदीत सहा मीटर म्हणजे काहीच नाही. तसेच वळताना ट्रेलरची चाके आतून कापतात. गोळा सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल, तर तीन मीटरच्या ट्रेलरचे ॲक्सल ५.२ मीटरवरून जाते, म्हणजे ८० सेंटिमीटर आत. गडग्याचा कोपरा नेमका तिथेच असतो.

पण छोट्या ट्रेलरला एक सवलत आहे, जी मोठ्याला नाही. सपाट कडक जमिनीवर त्याला हलवायला सात-आठ किलोंचा जोर लागतो, हे वर आलेच आहे. अडकलात तर जोड सोडवा आणि दोघांनी मिळून हाताने फिरवून घ्या. जमीन पंधरास एक अशी उतरती असली, तर मात्र नुसता धरून ठेवायला २५ किलोंहून अधिक आणि वर ढकलायला ४० किलोंचा जोर लागेल. तिथे आधी चाकांना दगड लावा, मगच गोळ्यावरून काढा.