जुन्या स्पोर्ट्स कारला टर्बो बसवायचाय? आधी हवेचं वजन समजून घ्या

इंजिनाला पेट्रोल कधीच कमी पडत नाही, कमी पडते ती हवा. पेट्रोल पातळ आहे, मोठा इंजेक्टर लावला की हवं तेवढं आत जातं, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते आणि एवढी हवा पिस्टन खाली जाताना स्वतःच्या दमावर ओढून घ्यायची म्हणजे मोठं काम आहे. १.६ लिटरचं साधं इंजिन ६५०० आरपीएमला मिनिटाला जवळपास ५ किलो हवा ओढतं. होय, किलो. आपण हवा लिटरमध्ये मोजतो म्हणून ती हलकी वाटते, पण ताकदीचा सगळा हिशोब वजनावर चालतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं की टर्बो म्हणजे काय, सुपरचार्जर म्हणजे काय (दोन्ही इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारे पंपच), कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, हे बरंचसं आपोआप कळत जातं.

हवेचं वजन किती महत्त्वाचं आहे हे १९१८ साली अमेरिकेत एका डोंगरावर दिसलं. सॅनफोर्ड मॉस नावाच्या इंजिनिअरने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन पाइक्स पीक शिखरावर नेलं, उंची साधारण ४३०० मीटर. समुद्रसपाटीला ३५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर गेल्यावर विरळ हवेत २३० वर आलं, आणि टर्बो जोडल्यावर त्याच जागी ३५६ दिलं. इंजिन तेच, पेट्रोल तेच, फरक फक्त सिलिंडरमध्ये किती हवा कोंबली याचा. टर्बोची कल्पना त्याच्याही आधीची, स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी यांचं पेटंट १९०५ चं. आणि रूट्स ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरचा एक जुना प्रकार, तर १८६० च्या सुमाराचा, तेव्हा तो गाडीसाठी नव्हताच, भट्टीत हवा फुंकायला वापरायचे. म्हणजे लोहाराचा भाताच, फक्त लोखंडी आणि फिरणारा.

आता आपल्या जुन्या गाडीकडे येऊ. उदाहरणाला १९८९ साली आलेली पहिली माझदा एमएक्स-५ घेतो, कारण बजेटमध्ये असले प्रयोग बहुधा याच गाडीवर सगळ्यात जास्त झालेत. १.६ लिटर, साधारण ११५ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन रेशो ९.४, म्हणजे पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण तेवढ्या पटीने लहान जागेत दाबतो. याच घराण्यातलं इंजिन माझदाने ३२३ नावाच्या गाडीत टर्बोसकट विकलं होतं, पण तिथे कॉम्प्रेशन ७.९ ठेवलं होतं. कंपनीने हे असंच केलं नव्हतं, त्यामागे उष्णता आहे, आणि या सगळ्या विषयाचा गाभा मला विचाराल तर तोच आहे.

हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं तेच इथे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. समजा बाहेरची हवा २७ अंश आहे आणि आपण ०.५ बार बूस्ट देतोय, म्हणजे वातावरणापेक्षा अर्धा बार जास्त, एकूण दीडपट दाब. लोकांना वाटतं दाब दीडपट म्हणजे हवा दीडपट. तसं नाही होत. साधारण ७० टक्के एफिशियन्सीचा टर्बो असेल तर बाहेर पडणारी हवा ८० अंशांच्या आसपास असते, गरम हवा पसरते, त्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात वजनाने २८ टक्केच जास्त हवा जाते. रूट्स पद्धतीचा जुना ब्लोअर असेल, ५० टक्के एफिशियन्सीचा, तर हवा १०० अंशांपर्यंत जाते आणि फायदा २० टक्क्यांवर येतो. दाब मात्र गेजवर दोन्हीकडे तोच दिसणार, ०.५ बार! आता मध्ये इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर, टाका आणि हवा ४५ अंशांवर आणा, तीच हवा ४१ टक्के जास्त भरते (इंटरकूलरमध्ये थोडा दाब पडतो, तो इथे धरला नाहीये). म्हणजे बूस्ट गेजवरचा आकडा ही कमाई नाही, तो फक्त आत किती कोंडलंय ते सांगतो, आणि "मी एक बार चालवतो" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या टर्बोवर आणि हवेचं टेंपरेचर किती.

गरम हवेचा दुसरा तोटा ताकद कमी होण्यापेक्षा वाईट आहे. स्पार्क पडला की ज्वाला प्लगपासून कडेकडे पसरत जाते, आणि कडेला जे मिश्रण अजून जळायचं बाकी आहे ते वाढत्या दाबाने आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ते आधीच गरम आत आलं असेल तर ज्वाला पोचायच्या आत स्वतःहूनच एकदम पेटतं. हेच नॉकिंग. ऐकायला डब्यात खडे हलवल्यासारखं, पण आत दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळत असतात, आणि जुन्या साध्या कास्ट पिस्टनमध्ये रिंगांच्या मधली जी बारीक पट्टी असते ती तुटते. एका जोरदार पुलमध्ये, म्हणजे पूर्ण थ्रॉटलने गाडी एकदा ताणली तरी, तुटू शकते. बऱ्याच जुन्या गाड्यांत नॉक सेन्सरच नसतो, त्यामुळे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळायचा मार्ग नाही आणि बूस्टच्या आवाजात ड्रायव्हरलाही ऐकू येत नाही. कंपनीने ३२३ टर्बोत कॉम्प्रेशन कमी का ठेवलं त्याचं उत्तर हे. आपण पिस्टन बदलणार नाही, कारण इंजिन उघडलं की बजेट संपलं, म्हणून आपल्याला बूस्ट कमी ठेवावा लागतो, ०.४ ते ०.५ बार, चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल आणि बूस्ट वाढेल तसं टायमिंग मागे, म्हणजे स्पार्क थोडा उशिरा.

आता टर्बो की सुपरचार्जर. टर्बो सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, टर्बाइनच्या बाजूला ९०० अंशांपर्यंत वायू आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आपण थंड ठेवू पाहतोय ती हवा, मध्ये ऑइलची बारीक फिल्म. मला ही गोष्ट अजूनही चमत्कार वाटते. सुपरचार्जर बेल्टवर चालतो, इंजिनाचीच दहा-पंधरा हॉर्सपॉवर खातो, पण बूस्ट खालपासून मिळतो आणि सायलेन्सरच्या लाइनला हात लावावा लागत नाही. बजेटवाल्यांचा आवडता ब्लोअर म्हणजे जुन्या मिनी कूपर एसमधला ईटन एम४५. नावातले ४५ म्हणजे एका फेऱ्याला ४५ घन इंच, साधारण ७४० सीसी. १.६ लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन एका फेऱ्याला निम्मं म्हणजे ८०० सीसी ओढतं, त्यामुळे ब्लोअर इंजिनाच्याच वेगाने फिरवला तर बूस्ट शून्य, त्याला इंजिनापेक्षा बराच जोरात फिरवावं लागतं आणि ते पुलीच्या आकारावर ठरतं. एवढा साधा हिशोब आहे, कागदावर पाच मिनिटांत होतो, पण तो न करताच ब्लोअर विकत घेणारे मी पाहिलेत.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच करणाऱ्याने कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतून निघालेला, कंपनीने बनवलेला, लहान टर्बो घ्यावा. नवा स्वस्त कॉपी टर्बो दिसायला चकचकीत असतो पण आत बॅलन्सिंग कसं केलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि लाख आरपीएमला बॅलन्सिंग हेच सगळं आहे. जुना घेताना दांडा बोटाने हलवून बघायचा. आडवा थोडासा खेळ असतोच, कारण बुश ऑइलवर तरंगतो, पण आतबाहेर सरकताना जाणवला किंवा पंख्याची पाती घरावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर सोडून द्या. मी एकदा "फक्त थोडा प्ले आहे" यावर विश्वास ठेवून घेतला होता, तीन आठवड्यांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला आणि इंटरकूलरमध्ये ऑइल साचलं. ते ऑइल मिश्रणात गेलं की ऑक्टेन खाली येतं, म्हणजे पुन्हा नॉकिंगच.

टर्बोच्या ऑइलबद्दल एक गोष्ट फार लोक चुकतात, ती म्हणजे परतीची लाइन. आत येणारं ऑइल प्रेशरने येतं पण बाहेर फक्त उतारावर पडतं, फेस होऊन, त्यामुळे परतीचा पाइप जाड पाहिजे, सरळ खाली पाहिजे आणि इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, लेव्हलच्या वर उघडला पाहिजे. कुठे पोटात झोल पडला की ऑइल टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून बाहेर येतं, मग माणूस चांगल्या टर्बोला दोष देतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कास्ट लोखंडाचं जड आणि कुरूप असलं तरी चालेल, स्वस्त वेल्डिंगच्या नळ्यांना तापून गार होऊन तडे जातात.

पण खरे पैसे जिथे घालायचे ते हे नाहीच. खरे पैसे पेट्रोल आणि टायमिंगवर घालायचे. वजनाने ४० टक्के हवा जास्त आली तर पेट्रोलही किमान तेवढं जास्त पाहिजे, उलट बूस्टमध्ये त्याहून जास्त, मिश्रण ११.५ ते १२ च्या आसपास (एक ग्रॅम पेट्रोलला एवढे ग्रॅम हवा) ठेवतात कारण जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. हॉर्सपॉवरमागे मिनिटाला सहा-सव्वासहा सीसी पेट्रोल धरा, १६० हॉर्सपॉवरला हजार सीसी, चार इंजेक्टरना प्रत्येकी २५०, आणि ते ८० टक्क्यांच्या वर उघडे ठेवायचे नाहीत म्हणून साधारण ३१५ सीसीचे तरी हवेत. जुने लोक फ्युएल प्रेशर बूस्टबरोबर जबरदस्ती वाढवणारा रेग्युलेटर लावून भागवायचे. चालायचं ते, पण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतो, प्रेशर दुप्पट केलं तर पेट्रोल ४१ टक्केच वाढतं, आणि तोवर जुना पंप दमलेला असतो.

शिवाय जुन्या गाडीत हवा मोजायला बहुतेक वेळा फडका उघडझाप होणारं मीटर असतं, ते पूर्ण उघडलं की पुढची हवा त्याला दिसतच नाही. त्यामुळे दाब आणि टेंपरेचरवरून हवेचं वजन काढणारा प्रोग्राम करता येणारा ईसीयू लावावा, मेगास्क्वर्टसारखा, जो २००१ च्या सुमारास स्वतः सोल्डर करून बनवायचा किट म्हणून आला आणि बजेटवाल्यांचं जगच बदललं. अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारा स्पीडुइनोही आहे. आणि मिश्रणाचा नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, हा पहिल्या दिवशी विकत घ्या, टर्बोच्या आधी. जुन्या गाडीतला मूळ सेन्सर १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, १२ आहे की १३.५ हे त्याला कळत नाही, आणि पिस्टन वाचतो की जातो ते याच फरकात आहे.

छोट्या गोष्टीही आहेत. ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम लाइन मॅनिफोल्डवरून येते, तिथला एकतर्फी व्हॉल्व्ह शाबूत हवा. क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या पोकळीतला) वायू परत इंजिनात ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचंही तसंच, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये जाऊन सील फुगवतो. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरवर आणा, कारण दाट हवेत स्पार्कला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जुनी कॉइल तेवढं देत नाही, आणि प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे, घ्या. क्लच बहुधा घसरणारच. रेडिएटर जुना असेल तर बदला, जास्तीच्या ताकदीबरोबर जास्तीची उष्णताही त्यालाच झेलायचीये.

आणि या सगळ्याच्याही आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते गेजवर मोजा. चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत पाहिजेत, नसतील तर आधी इंजिन, मग बाकीचं. थकलेल्या रिंगवर बूस्ट दिला की दाब खाली क्रँककेसमध्ये गळतो आणि डिपस्टिकच्या नळीतूनही ऑइल उडतं.

पहिल्या दिवशी बूस्ट कंट्रोलर लावू नका, वेस्टगेटच्या, म्हणजे ठरलेल्या बूस्टनंतर एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवरच चालवा. मोकळी जागा, तिसरा गिअर, शेजारी कोणीतरी लॅपटॉपवर लॉग बघायला, अर्धा थ्रॉटल, मग पाऊण, मग पूर्ण, आणि मिश्रण १२.५ च्या वर जाताना दिसलं की पाय लगेच काढायचा. दोन-तीन पुल झाले की इंजिन बंद करा, गार होऊ द्या आणि प्लग काढून पांढऱ्या चिनीमातीकडे भिंगातून बघा. बारीक मिरीसारखे काळे दाणे किंवा चमकणारे रुपेरी कण दिसले तर ती नॉकिंगची खूण आहे, रुपेरी कण तर पिस्टनचाच ॲल्युमिनियम, टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्या, बूस्ट वाढवायचा विचार सोडा आणि पुन्हा तपासा. चिनीमाती स्वच्छ असेल तर प्लग परत लावा, लॉग सेव्ह करा, आणि चौथ्या गिअरचं उद्या बघा.